महिलांच्या बाकावर

मंगरूळपीर,
रविवार, दुपार

प्रिय रुचिका,

तुला अनेक आशीर्वाद आणि आमच्या छकुलीला पापा.

बाबांचं पत्र पाहून तू घाबरशील हे मला माहीत आहे. तुझं लग्न झाल्यापासून मी तुला एक ओळ लिहिलेली नाही. फोनवर मी काय बोलतो तेही तुला पाठ आहे. जेवलीस का, पाऊस आहे का, जावईबापू बरे आहेत का, घे, आईशी बोल. एवढ्यात माझा साठा संपतो. आज मात्र मला तुला एक काम सांगायचं आहे. ते तुझ्या तब्येतीचं आहे आणि ते तू अजिबात टाळायचं नाहीस. एका वाक्यात सांगता येईल असं काम आहे, पण ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. गुरुवारपासून प्रयत्न करतोय. तू तुझ्या आईसारखी असशील तर आधी शेवटचं पान वाचशील. आज तसंच कर. मग सावकाश मागे ये आणि तुझा बाप किती भित्रा आहे ते वाच.

आपल्या दुकानातली मागची फळी तुला आठवत असेल. साड्या, खण, अस्तरं, टॉवेल सगळं समोर, आणि बायकांचे आतले कपडे मागे, पडद्याआड. तुझ्या आजोबांनी, म्हणजे गुलाबचंद सेठनी, घालून दिलेली रीत अशी, की त्या मालाचं नाव दुकानात कोणी घ्यायचं नाही. गिऱ्हाईक बाई नुसतं ‘मागचं दाखवा’ म्हणणार. आपण अंदाजाने माप काढायचं, वर्तमानपत्राच्या दुहेरी कागदात गुंडाळून दोरा बांधायचा आणि मगच हातात द्यायचं. बिलात लिहायचं ‘इतर’. तू आठवीत असताना सगळ्यांसमोर विचारलं होतंस, की बाबा, टॉवेलला कागद नाही, चादरीला नाही, मग ह्यालाच का? मी तुला कुल्फीला पैसे देऊन बाहेर पिटाळलं. अख्खी उमर बायकांच्या अंगावरचे कपडे विकण्यात गेली आणि त्या अंगाचं नाव घ्यायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं याच्यामुळेच घडलं आहे.

उन्हाळ्याच्या शेवटी माझ्या पांढऱ्या सदऱ्याच्या डाव्या खिशावर एक लाल डाग दिसायला लागला. खिशात लाल पेन असतोच. तुझी आई म्हणाली, पेन गळतोय, बदला. मी पेन बदलला. डाग पुन्हा आला. ती बिचारी लिंबू-मीठ लावून घासायची, आणि शाईच्या कंपनीला नावं ठेवायची. मला मात्र कळलं होतं की शाई नाही. डाव्या छातीत, बरोबर मधोमध, एक बारीक गाठ होती, बोराच्या बीएवढी, आणि तिथूनच ते येत होतं. दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं, दुखण्याला मी भितो आणि दवाखान्यात पळतो. मी मनाशी ठरवलं, की कापडाचे ठाण छातीशी धरून उचलतो ना, त्याचा मार लागला असेल. लाल पेन खिशात ठेवत राहिलो. खरं सांगायचं तर मुद्दाम ठेवत राहिलो.

एक दिवस तुझी आई धुण्याच्या बादलीवरून उठून दुकानात आली. तशी ती सकाळच्या वेळी कधी येत नाही. हातात माझं बनियान. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून वाचलो. मला म्हणाली, “तुमच्या बनियानले खिसा कवापासून आला?” ती गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसली आणि बराच वेळ ते बनियान पिळत राहिली, कोरडं होतं तरी. मग म्हणाली, “मले सांगाले लाज वाटली? मी कोण हावो तुमची?” रुचिका, तुझ्या आईला मी इतकी वर्षं ओळखतो, पण त्या दिवशीसारखा मी तिच्यासमोर लहान कधी झालो नव्हतो.

नागपूरला जायचं ठरलं, पण पोराला, अर्पितला, काय सांगायचं? मी सांगितलं, गांधीबागेच्या कापडबाजारात माल बघायला चाललो. व्यापारी माणसाला नागपूरला जायला गांधीबाग हे एकच कारण पुरतं. पहिल्या खेपेला परत येताना दाखवायला म्हणून चार परकर घेऊन आलो. पोराने माझ्याकडे बघितलं, परकरांकडे बघितलं आणि ते गुपचूप फळीवर ठेवले. पुढच्या खेपांना मी रिकामाच येत गेलो.

तिथे काय झालं ते ऐक. तू हसशील, आणि हस, मला आता चालतं. ज्या खोलीत छातीचा फोटो काढतात तिच्या दारावर मोठ्या अक्षरात ‘फक्त महिलांसाठी’. दाराबाहेर बाक, बाकावर ओळीने बाया. मी चिठ्ठी घेऊन गेलो तर दारावरचा माणूस म्हणाला, “बाबाजी, बाईले आत पाठवा, तुमी तिकडं भायेर बसा.” मी म्हटलं, बाई नाही, मीच आहे. त्याने चिठ्ठी उलटी-सुलटी करून पाहिली. त्याच्या नोकरीत असा प्रसंग पहिलाच असावा. मग एका पोरीसमोर नेऊन बसवलं. ती संगणकात माहिती भरत होती. तिथे छातीच्या कॅन्सरवर एक संशोधन चालू आहे, आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच प्रश्न विचारतात. तिने मान वर न करता सवयीने विचारलं, पाळी कितव्या वर्षी सुरू झाली? मी हातातल्या चिठ्ठीची घडी घातली. मग म्हणाली, बाळंतपणं किती? आणि मी, घाबरलेला माणूस, चटकन म्हणालो, दोन. तू आणि अर्पित! त्या पोरीने तेव्हा मान वर केली. तिचा चेहरा लाल, माझा त्याहून लाल. शेजारच्या टेबलावरचा मुलगा फाइल तोंडापुढे धरून हसत होता. मला वाटलं, असंच उठावं आणि थेट बसस्टँड गाठावं.

उठलोही होतो. तेवढ्यात बाकावरून आवाज आला, “सेठ, तुमी?” दर्ग्याच्या रस्त्याला बांगड्यांचं दुकान आहे ना, तिथली जैतुनबी. तुझ्या लग्नातला चुडा तिनेच भरला होता. आपल्या मागच्या फळीचं जुनं गिऱ्हाईक. मी दारातच उभा. ती म्हणाली, “भाबी अंदर गेली का?” आणि मी मान हलवली. म्हणजे खोटं बोललो. जरा वेळाने आतून नर्सने पुकारा केला, तो माझ्या नावाचा. सगळ्या बाया वळून बघायला लागल्या. जैतुनबीने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग आपली पिशवी मांडीवर घेतली, सरकली आणि शेजारच्या बाईलाही सरकवलं. म्हणाली, “आधीचा नंबर निघू द्या, तोवर बसा ना सेठ. खडे कायले ऱ्हायले? हितं समद्यायची बीमारी एकच हाय.” मी बसलो. मांडीवर हात ठेवून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा बसलो. त्या बाकावर बसलेला क्षण मी विसरणार नाही. ज्या बायकांच्या हातात आयुष्यभर कागदात गुंडाळून माल दिला, त्यांच्यापैकी एकीने मला त्यांच्यात बसवून घेतलं होतं.

आत गेलो तर डॉक्टरबाई कोण असावी? तुला आठवते ना, गेल्या हिवाळ्यात आपल्या धर्मशाळेत आलेली डॉ. पौर्णिमा. तिने मला ओळखलं. मी तिला ओळखलं. ती नुसतं ‘या काका, सदरा काढा’ एवढंच म्हणाली, आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तू त्या वेळी सातव्या महिन्यात बाळंतपणाला आलेली होतीस, त्यामुळे ती बैठक तुला माहीत आहे, पण मी तुला माझ्या बाजूने कधी सांगितली नाही. तिच्या संशोधनाला बाहेरून पैसे मिळत होते, डॉक्टर होते, तपासणीची गाडी होती. गावोगाव जाऊन बायका तपासायच्या, कोणत्या गावात हा आजार किती आहे, बायका उशिरा का येतात, हे नोंदवायचं. आपल्याकडून तिला हवा होता धर्मशाळेचा हॉल, आणि गाडी किन्हीराजापर्यंत जायला डिझेलचा खर्च. आपल्या मंदिराच्या संघाला ते जड नव्हतं. सगळे तयार होते. मीच बॅनर पाहिला आणि अडलो. मंदिराच्या नावाखाली, ठळक अक्षरात, तो शब्द! मी म्हटलं, हा शब्द धर्मशाळेवर लागणार नाही. ‘महिला आरोग्य शिबिर’ लिहा, हॉल घ्या, डिझेल घ्या. ती शांतपणे म्हणाली होती, “काका, शब्द लिहिला नाही तर बाया डोळे तपासायला येतील.” मला वाटलं, कालची पोरगी मला शिकवते.

आणि आल्या की नाही डोळे तपासायला? गुडघे घेऊन आल्या, चष्म्याचे नंबर घेऊन आल्या. पडद्यामागे गेल्यावर झंपर काढायला सांगितलं तशा पदर सावरत घरी गेल्या. तू तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मला म्हणालीस, “बाबा, बायका नाही लाजत, तुम्ही लाजताय.” पाहुण्यांसमोर बोललीस म्हणून मी तुला झापलं, पोटुशी लेकीला झापलं. तू माझ्याशी अबोला धरलास आणि मीही बापाचा मान म्हणून धरला. शेवटी शिऱ्यात वेलची जास्त पडली म्हणून तूच आधी हसलीस. मागच्या खेपेला मी डॉ. पौर्णिमाला विचारलं, यंदा तुमची गाडी आमच्याकडे का नाही दिसली? ती म्हणाली, निधी देणारे आकडे बघतात, तुमच्या भागात तपासलेल्या बायका फारच थोड्या निघाल्या, म्हणून यंदाचा निधी दुसऱ्या जिल्ह्याला दिला. एवढंच. मला एका शब्दाने टोमणा मारला नाही. मारला असता तर मला उलटून काही बोलता तरी आलं असतं.

सुईने गाठीचा तुकडा काढला, तपासायला पाठवला, आणि तो निघाला कॅन्सर. पुरुषांनाही होतो म्हणे, शंभर रोग्यांत एखादा पुरुष निघतो. त्या शंभरात तुझ्या बापाचा नंबर लागला. ऑपरेशन लगेच करू, असं डॉ. पौर्णिमा म्हणत होती, मी म्हटलं, दिवाळीचा सीझन निघू द्या. बघ, अक्कल अजून कुठे आली होती? आता या महिन्याच्या अखेरीस ठरलं आहे. डॉक्टर म्हणतात वेळेत आहे, गोळ्या बरीच वर्षं घ्याव्या लागतील, पण बरा होईन. माझी काळजी करू नकोस, हे खरंच लिहितोय. भाऊबीजेला तू आली होतीस तेव्हा मी छकुलीला उजव्याच कडेवर घेत होतो, आणि तू पाया पडून जवळ आलीस तर मी पाण्याचा तांब्या उचलायला वाकलो. तुला वाटलं असेल, बाबांचं नेहमीचंच. ते नेहमीचं नव्हतं.

आता ज्याची सगळ्यात जास्त लाज वाटते त्याच्याकडे येतो. दुसऱ्या खेपेला डॉ. पौर्णिमाने कागदावर आपलं घराणं काढायला घेतलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, वारलेल्या माणसावर तिरपी रेघ. तू एक गोल, छकुली तुझ्याखालचा इवलासा गोल. तिने विचारलं, तुमच्या रक्ताच्या नात्यात कुणाला कॅन्सर होता का? मी म्हटलं, नाही, आमच्याकडे कुणालाच नाही. तुमच्या आई कशाने गेल्या? मी म्हटलं, तापाने. हे मी का म्हणालो असेन? अर्पितसाठी रिसोडच्या स्थळाची बोलणी चालू आहेत. आपल्यात मुलगी बघायला जाण्याआधी तिकडची माणसं आपल्या घराण्याचं सगळं काढतात, कोण कशाने गेलं तेही. त्या खोलीत रिसोडचं कोणी नव्हतं, तरी माझं तोंड आपोआप मिटलं. लहानपणी जे शिकवलं तेच बाहेर आलं.

तू तुझ्या आजीला, माझ्या आईला, पाहिलं नाहीस; तिला आम्ही बाई म्हणायचो. पानाबाई हे नाव तुला फक्त भिंतीवरच्या फोटोमुळे माहीत. मी शाळकरी होतो तेव्हा बाई भर वैशाखात शाल पांघरून बसायची. तिच्या खोलीत सारखा धूप जळायचा. मी दुधाचा पेला घेऊन जायचो, तर ती शाल घट्ट धरून एकाच हाताने पेला घ्यायची. डॉक्टर पुरुष, म्हणून डॉक्टर नाही. तुझ्या दोन्ही आत्यांची लग्नं व्हायची होती, म्हणून बाहेर सांगायचं पोटाचं दुखणं. एकदा दार लोटलेलं होतं आणि तुझी एक आत्या तिची जखम पुसत होती. मी पाहिलं. कुठे होती ते पाहिलं. बाईने मला पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. म्हणजे मला सगळं माहीत होतं, रुचिका. डॉक्टरसमोर बसून मी ‘तापाने’ म्हणालो तेव्हा मला ती शाल दिसत होती.

त्यांनी त्याच संशोधनातून माझं रक्तही तपासायला घेतलं होतं, कारण पुरुषाला हा आजार झाला की घेतातच. त्याचा निकाल गेल्या सोमवारी आला. रक्तात एक दोष निघाला, जन्मापासूनचा. तो आईकडून किंवा वडिलांकडून येतो, आणि पुढे प्रत्येक मुलाकडे जायची निम्मी शक्यता, मुलगा असो की मुलगी. मुलीकडे गेला तर धोका माझ्यापेक्षा पुष्कळ मोठा. डॉक्टर म्हणाली, मुलांना सांगा, दोघांची रक्ततपासणी करू, संशोधनातच होते, पैसे पडत नाहीत. मी हो म्हणालो. घरी येऊन तो कागद कपाटात टाकला. तुझ्या आईलाही सांगितलं नाही. वाटलं, ऑपरेशन होऊ दे, अर्पितचं ठरू दे, छकुली जरा मोठी होऊ दे, मग सांगू. माझ्याकडे ‘मग’ला काय तोटा?

बुधवारी जैतुनबी दुकानात आली. तिचं ऑपरेशन होऊन गेलंय. दुकान भरलेलं होतं, लग्नाचा बस्ता काढायला केनवडची अख्खी मंडळी बसली होती. ती सरळ माझ्यासमोर येऊन म्हणाली, “सेठ, मागचं दाखवा. एका बाजूले कापूस भरता येईल असं पायजे.” मी काढून दिलं आणि सवयीने कागद ओढला, तर म्हणाली, “कागद कायले? जखम का चोरीचा माल हाय?” आणि तसंच हातात घेऊन, पायऱ्या उतरून गेली. मी कागद हातात धरून उभा. एवढं होऊनही मी त्या दिवशी तुला फोन केला नाही, हे लक्षात घे.

गुरुवारी सकाळी तू आईशी बोलत होतीस. ती पोळ्या लाटत होती म्हणून फोन ओट्यावर, आवाज मोठा केलेला. मी चहाचा कप घेऊन दाराआड उभा होतो. तू म्हणालीस, “आई, दुधाची गाठ काही जात नाही गं. भाऊबीजेच्या आधीपासून आहे. दुखत पण नाही.” आई म्हणाली, “अवं, दूध साकळलं आसन. गरम कपड्यानं शेक, आन् छकुलीले त्याच अंगाले जास्त पाज.” तिला बिचारीला काय माहीत? तिला एवढंच ठाऊक, की नवऱ्याला एक आजार झाला. तो लेकीपर्यंत जाऊ शकतो हे सांगणारा कागद मी कपाटात ठेवला होता. मी काय केलं असेल? चहाचा कप तिथेच ठेवला आणि दुकानात गेलो. गल्ल्यावर बसलो. लाल पेनाने बिलं केली. तुझं ‘दुखत पण नाही’ माझ्या कानात होतं, कारण माझंही दुखत नव्हतं. दुपारी तुला फोन लावला. तू उचललास, तर मी विचारलं, छकुलीला दात आले का? तू म्हणालीस, आले की बाबा, दोन. मी म्हटलं, छान, आणि फोन ठेवला.

शुक्रवार मी असाच घालवला. काल मात्र सकाळी डॉ. पौर्णिमाला फोन केला आणि सगळं ओकून टाकलं. बाईचं, शालीचं, तुझ्या गाठीचं. ती म्हणाली, काका, आधी तिला सांगा, त्या बॅनरवरून माझ्यावर रागावणं नंतर. मी रागावलो होतो कुठे? ते तिचं मला हलकं करणं होतं. मग तुझ्या आईला सांगितलं. तिने थेट फोन हातात घेतला आणि तुझं नाव शोधायला लागली. मीच तिला थांबवलं. म्हटलं, हे माझं काम आहे, आता तरी मला करू दे. अर्पितलाही सांगितलं. तो म्हणाला, “गांधीबागेतून रिकामे येऊन राह्यले होते तवाच मले समजलं होतं बाबा, मी तुमच्या बोलायची वाट पाहून राह्यलो होतो.” रिसोडवाल्यांना तो स्वतः सांगणार आहे. नाही म्हणाले तर म्हणोत, असं म्हणाला. माझ्या पोटी ही असली पोरं कशी आली, कोण जाणे.

तर ते काम. रुचिका, तुझ्या स्तनातली गाठ आज डॉक्टरला दाखवायची आहे. लिहिला बघ मी तो शब्द. ती दुधाची असू शकते, बहुतेक वेळा दुधाचीच असते असं डॉ. पौर्णिमा म्हणाली, पण आपल्या घरात ते तपासून बघायचं, शेकून बघायचं नाही. तुमच्या पुण्यात तिची एक डॉक्टर मैत्रीण आहे, तिने सोमवारी अकरा वाजताची वेळ दिली आहे. रक्तही तिथेच घेतील. सोमवार म्हणजे आज. हे पत्र मी पोस्टात टाकलेलं नाही, संध्याकाळच्या बसने स्वतःच घेऊन येतोय. सकाळी दारात मला बघून तू विचारशील, बाबा, अचानक? तेव्हा माझ्या तोंडातून काही निघणार नाही, म्हणून पाकीट तुझ्या हातात देईन आणि छकुलीला घेऊन खाली जाईन. तू हे वाचशील तेव्हा मी तुमच्या बिल्डिंगखाली वॉचमनच्या खोलीजवळ बसलेला असेन. तुला माझा राग आला तर खुशाल येऊ दे, पण येताना घेऊन ये, वाटेत बोल, सगळं ऐकून घेईन. तिथे बाहेर बसा म्हणाले तरी मी बाहेर बसणार नाही. त्या बाकावर कसं बसायचं ते मला आता येतं.

तुझाच,
बाबा